आधी ताट, मग नाव

ऑगस्ट 2012 मध्ये ग्रीक पोलिसांनी अथेन्सच्या रस्त्यांवर एक मोठी मोहीम उघडली. रंगावरून, चेहऱ्यावरून जो परदेशी वाटेल त्याला थांबवायचं, कागद मागायचे आणि खातरजमेसाठी ठाण्यात न्यायचं. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेनं पुढच्या फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब मांडला. जवळपास 85,000 माणसं ठाण्यात नेली गेली होती आणि त्यातली जेमतेम 6 टक्के देशात बेकायदा राहत असल्याचं निघालं. त्याच सुमारास अथेन्समधल्या एका विद्यापीठात पाहुणे अध्यापक म्हणून आलेले एक भारतीय प्राध्यापकही असेच उचलले गेले. दुपारी जेवायला बाहेर पडले होते, पासपोर्ट जवळ नव्हता.

या पोलिसी मोहिमेचं नाव होतं ‘झेनिओस झ्यूस’. परक्यांचा, पाहुण्यांचा पाठीराखा झ्यूस.

कुणी ठरवून विनोद केला असता तरी इतका जमला नसता. आणि नाव ठेवणाऱ्याला त्याचा अर्थ ठाऊक नसेल, ही शक्यताही कमीच. ग्रीसमध्ये माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी मुलांना ‘ओडिसी’ अभ्यासाला असते आणि त्या महाकाव्यात हा झ्यूस पावलोपावली भेटतो. देवाचं नाव लावायचं आणि त्याचा कायदा गुंडाळून ठेवायचा, यात ग्रीस एकटा नाही. पण तिथलं उदाहरण जास्त बोचतं, कारण त्या जुन्या देवांकडे नीती म्हणून दाखवण्यासारखं मुळात फार थोडं होतं. त्या थोड्यातलं सगळ्यात ठाशीव काय, तर हेच.

आजच्या वाचकापर्यंत ग्रीक देव पोचतात ते बहुधा करमणुकीच्या दारातून. रिक रायर्डन यांच्या कादंबरीतला पर्सी जॅक्सन 2005 मध्ये आला, त्याच वर्षी ‘गॉड ऑफ वॉर’ हा व्हिडिओ गेम आला. पुढे स्टीफन फ्राय यांनी सगळ्या कथा गप्पांच्या सुरात पुन्हा सांगितल्या. झ्यूस बैलाच्या रूपात युरोपाला पळवतो, हंस होऊन लेडाला गाठतो. हेरा नवऱ्याला काही करू शकत नाही म्हणून त्या बिचाऱ्या बायकांवर सूड उगवते. वाचता वाचता कुणीही विचारतो की हे कसले देव? हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही विचारला गेला होता आणि तो विचारणारे ग्रीकच होते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झेनोफनीस या कवी-तत्त्वज्ञानं होमर आणि हेसिओड या दोघांवर ठपका ठेवला की माणसाला लाज आणणारी चोरी, व्यभिचार, फसवणूक अशी सगळी कृत्यं त्यांनी देवांच्या नावावर चढवली. प्लेटोनं तर आपल्या आदर्श नगरातल्या मुलांच्या कानी अशा गोष्टी पडू नयेत असंच सुचवलं.

म्हणजे देव जसे वागतात तसं वागावं, अशी ग्रीकांची अपेक्षा नव्हती. त्यांचे देव कित्ता गिरवण्यासाठी नव्हते, राखणीला होते. काही मोजक्या गोष्टींवर त्यांचा पहारा असे. घेतलेली शपथ, मेलेल्याचं दफन, पायाशी आलेला शरणागत आणि दारात उभा राहिलेला परका. इतर बाबतीत झ्यूस कितीही घसरलेला असो, या चार ठिकाणी माणसं त्याला वचकून असत.

दारातल्या परक्याशी जे नातं जुळतं त्याला ग्रीक शब्द आहे झेनिया. तो ज्यावरून आला तो झेनोस हा शब्द मोठा गमतीचा आहे. परका म्हणजे झेनोस, पाहुणा म्हणजे झेनोस आणि पाहुण्याचा यजमान म्हणजेही झेनोसच. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. खेड्यातल्या पारावर बसलेला म्हातारा रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारतो ती ‘ओ पाव्हणं’ अशीच. अजून नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, पण पाहुणेपण आधीच बहाल झालेलं असतं. आजच्या ग्रीकमध्ये हॉटेलला म्हणतात झेनोडोहिओ, झेनोसना सामावून घेणारी जागा. ग्रीक सरकारनं 1950 आणि 60 च्या दशकांत पर्यटकांसाठी देशभर हॉटेलं बांधली, त्यांनाही नाव दिलं ‘झेनिया’. पैसे मोजणाऱ्या परक्याच्या बाबतीत शब्द व्यवस्थित टिकलेला दिसतो.

‘ओडिसी’ ही समुद्रावरच्या साहसांची कथा म्हणून सांगितली जाते. खरं तर तिचा बराच भाग जेवणाच्या पंगतीत घडतो. कोण कुणाच्या दारात आला, त्याला कसं बसवलं, काय वाढलं, निघताना काय दिलं, यावर होमर इतका रेंगाळतो की घाईच्या वाचकाला कंटाळा यावा. पण तो रेंगाळतो तिथेच काव्याचा कणा आहे.

पहिल्याच सर्गात देवी अथीना एका परक्या सरदाराच्या वेशात काव्याच्या नायकाच्या, ओडिसियसच्या, घरी येते. घर बेशिस्त झालेलं आहे. मालक वीस वर्षं घराबाहेर, त्याच्या बायकोशी लग्न करायला टपलेले 108 उमेदवार अंगणात सोंगट्या खेळत बसलेले. दारातल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नाही. विशीतला टेलेमॅकस तेवढा बघतो आणि चरकतो, पाहुणा इतका वेळ दारात ताटकळला म्हणून. तो धावत जातो, हातातला भाला घेतो, चांगल्या आसनावर बसवतो, हात धुवायला पाणी, मग भाकरी, मांस, मद्य. नाव आणि गाव विचारतो ते सगळ्यात शेवटी.

हा क्रम पुढे प्रत्येक भल्या घरात पाळला जातो. टेलेमॅकस वडिलांचा शोध घेत पायलॉसला पोचतो, तेव्हा समुद्रकिनाऱ्यावर तिथला वृद्ध राजा नेस्टर आणि त्याची प्रजा समुद्रदेव पोसायडनला बैलांचे बळी देत असते. पाचपाचशे माणसांच्या नऊ पंगती, प्रत्येक पंगतीला नऊ बैल. परकी पोरं दिसताच नेस्टरचा मुलगा त्यांना हाताला धरून मेंढीच्या मऊ कातड्यावर बसवतो. पोटभर जेवण होतं आणि मग नेस्टर विचारतो, तुम्ही कोण, व्यापारी की समुद्रावरचे लुटारू? ज्याच्याबद्दल लुटारू असण्याची शंका आहे त्यालाही आधी जेवू घातलेलं आहे! स्पार्टामध्ये मेनेलॉसच्या राजवाड्यात त्या दिवशी लग्नघर असतं. एतेओनिअस नावाचा सेवक येऊन विचारतो की दारात दोघे परके आलेत, घोडे सोडायचे की दुसऱ्या घरी पाठवायचं? मेनेलॉस त्याला चांगलाच झापतो. आपण स्वतः परक्यांच्या घरचं खात खात इथवर पोचलो, हे विसरलास का, असा त्याचा सूर असतो.

शिष्टाचार म्हणून हे बाजूला सारता येत नाही. नाव विचारण्याआधी वाढायचं, याचा अर्थ असा की समोरचा मित्राच्या घराण्यातला आहे की शत्रूच्या, श्रीमंत आहे की कफल्लक, हे कळण्याआधीच यजमान बांधला जातो. नंतर काहीही कळलं तरी अन्न पोटात गेलेलं असतं. मनाचा चांगुलपणा असण्यावर हा कायदा अवलंबून नाही आणि त्याचं शहाणपण नेमकं तिथेच आहे.

आता याच्या उलट चित्र. एकडोळ्या राक्षस पॉलिफिमस गुहेत परततो, शेकोटीच्या उजेडात त्याला माणसं दिसतात आणि त्याचा पहिला शब्द असतो, कोण तुम्ही, कुठून आलात? क्रम मोडलेला आहे. ऐकणाऱ्या ग्रीक श्रोत्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते एवढ्यानंच कळत असणार. ओडिसियस त्याला परक्यांचा कैवार घेणाऱ्या झ्यूसची आठवण देतो. राक्षस म्हणतो, आम्ही झ्यूसला मोजत नाही. आणि तो पाहुण्यांना जेवायला घालण्याऐवजी पाहुणेच जेवतो, एका वेळी दोन, असे सहा. ओडिसियसला तो पाहुणचाराची भेटही देऊ करतो. तुला सगळ्यांत शेवटी खाईन, ही ती भेट.

पण होमर इतका सरळ नाही. ओडिसियस गुहेत शिरला तो मालक घरी नसताना. त्याच्या माणसांनी राक्षसाचं चीज खाल्लं. सोबती सांगत होते की मिळेल ते घेऊन सटकू या. हा थांबला तो यजमानाकडून चांगली भेट मिळेल या लोभानं. म्हणजे पाहुणाही काही सोवळा नव्हता. आणि शेवटी सुटका झाल्यावर, ‘कुणीच नाही’ असं खोटं नाव सांगून जीव वाचवलेला हा माणूस जहाजावरून ओरडून स्वतःचं खरं नाव सांगतो. त्या नावावरच राक्षस बापाकडे, पोसायडनकडे, शाप मागतो. चुकीच्या वेळी विचारलेलं नाव आणि चुकीच्या वेळी सांगितलेलं नाव, दोन्हीची किंमत मोजावी लागते. (हा पोसायडन महाराष्ट्रात अगदीच अनोळखी नाही. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात त्याची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली. ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. जुन्या समुद्री व्यापाराच्या वाटेनं आलेला हा पाहुणा मुक्कामालाच राहिला.)

झेनिया पिढ्यान् पिढ्या चालत असे. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात ऐन रणांगणावर ग्लॉकस आणि डायोमिडीस एकमेकांसमोर उभे ठाकतात. बोलता बोलता कळतं की एकाचा आजोबा दुसऱ्याच्या आजोबाकडे वीस दिवस पाहुणा होता. संपलं! दोघे रथातून उतरतात, हात मिळवतात, चिलखतांची अदलाबदल करतात. ग्लॉकसचं चिलखत सोन्याचं, शंभर बैलांच्या मोलाचं. बदल्यात मिळालं ते कांस्याचं, नऊ बैलांचं. होमर मिश्कीलपणे म्हणतो की झ्यूसनं त्याची अक्कलच काढून घेतली असावी. पुढच्या काळात अशा नात्याची खूण म्हणून एखादं हाड किंवा फासा मोडून अर्धा अर्धा ठेवत. नातू परगावी गेला की अर्धा तुकडा पुढे करायचा, तो त्या घरच्या तुकड्याशी जुळला की ओळख पटली. या जुळणाऱ्या तुकड्याचं नाव सिंबोलोन. इंग्रजीतला सिंबॉल तिथून आला. युरिपिडीसच्या ‘मीडिया’ नाटकात नवरा जेसन बायकोला देशाबाहेर काढताना असेच तुकडे पाठवायची तयारी दाखवतो, म्हणजे परगावचे त्याचे स्नेही तिला सांभाळतील. ती ते झिडकारते. त्याच्या नात्यातला तिला काही भागच नको असतो.

इथपर्यंत वाचून जुन्या ग्रीकांबद्दल गहिवर यायला लागला असेल तर जरा थांबावं. ओडिसियसला सर्वांत उत्तम पाहुणचार मिळतो तो फेशियन लोकांकडे. ते त्याला नाव न विचारता खाऊ घालतात, भेटींनी लादतात आणि आपल्या जहाजातून मायदेशी, इथाकाला, सोडून येतात. बक्षीस काय मिळतं? पोसायडन चिडून झ्यूसकडे जातो आणि पाहुण्यांचा हा कैवारी त्यालाच सल्ला देतो की परतणारं ते जहाज बंदरासमोर दगड करून टाक. जहाज खलाशांसकट शिळा होतं. राजा अल्किनोअस जाहीर करतो की यापुढे परक्यांना पोचवायचं बंद. कॉर्फू बेटाजवळचा पोंडिकोनिसी नावाचा खडक म्हणजेच ते जहाज, असं तिथले लोक सांगतात. या प्रसंगानं जुने विद्वानही अडखळले. पोसायडनला त्या नगरावर डोंगरही लोटायचा असतो आणि झ्यूस त्यालाही मान्यता देतो, असं पोथ्यांत आहे. अलेक्झांड्रियाचा पंडित अ‍ॅरिस्टोफेनीस यानं एका शब्दात फेरफार सुचवला, म्हणजे झ्यूस निदान डोंगराला तरी ‘नको’ म्हणेल. देवाची अब्रू एका अक्षरावर वाचवायची ही धडपड लोभस आहे, पण दगड झालेलं जहाज काही त्यातून सुटत नाही.

घरी परतलेल्या ओडिसियसचा शेवटचा सूडही तसाच. पाहुणे म्हणून घुसून घर खाऊन टाकणारे 108 उमेदवार मारले जातात, ते झेनियाच्या हिशेबात बसतं. पण त्यांच्यासोबत झोपल्या म्हणून घरातल्या बारा दासींना टेलेमॅकस फासावर लटकवतो. त्या दासींना नकार देण्याची मुभा होती का, हे काव्य विचारत नाही. ते विचारायला मार्गारेट अ‍ॅटवुडची 2005 मधली ‘पेनेलोपिअड’ ही कादंबरी यावी लागली. आणि 2017 मध्ये एमिली विल्सन यांनी ‘ओडिसी’चा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा ‘मोलकरीण’ वगैरे गुळमुळीत शब्द टाळून त्यांना सरळ गुलाम म्हटलं. कायदा परक्याला जपत होता, घरातल्या गुलामाला नाही.

नगरराज्यांचा व्यवहारही साहित्याइतका उदार नव्हता. स्पार्टात परक्यांना हाकलून देण्याची रीतच होती. अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी 451 मध्ये पेरिक्लीसनं कायदा केला की आईबाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. बाहेरून येऊन राहणाऱ्याला एक जामीनदार नागरिक शोधावा लागे आणि पुरुषाला वर्षाला बारा द्राख्मा कर भरावा लागे. अ‍ॅरिस्टॉटलही तिथे असाच उपरा म्हणून राहिला.

तरीही याच अथेन्सनं रंगमंचावर एस्किलसचं ‘शरणार्थिनी’ पाहिलं. काळ साधारण इसवी सनापूर्वी 463. इजिप्तहून पन्नास बहिणी समुद्र ओलांडून आर्गोसच्या किनाऱ्यावर उतरल्या आहेत. चुलत भावांशी सक्तीची लग्नं टाळायला पळून आल्या आहेत. हातात लोकर गुंडाळलेल्या ऑलिव्हच्या फांद्या, म्हणजे शरणागतीची खूण. त्यांचा दावाही विलक्षण आहे. आमची मूळ आजी इओ तुमच्याच गावची, तेव्हा आम्ही परक्या नाही. राजा पेलास्गस पेचात सापडतो. ठेवून घेतलं तर इजिप्तशी युद्ध, हाकललं तर झ्यूसचा कोप. आणि या बायका काही नुसत्या रडत बसलेल्या नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर आमच्या कमरपट्ट्यांनी याच देवमूर्तींना लटकून जीव देऊ, असं त्या सुनावतात. राजा म्हणतो, हा निर्णय माझ्या एकट्याचा नाही, लोकांना विचारतो. सभा भरते, हात वर होतात, ठराव एकमतानं मंजूर. ग्रीक भाषेतले ‘लोक’ आणि ‘सत्ता’ हे शब्द शेजारी शेजारी येण्याच्या अगदी जुन्या उपलब्ध दाखल्यांपैकी एक याच नाटकात आहे. मतदान कशावर, तर निर्वासितांना थारा द्यायचा की नाही यावर.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत युरोपच्या रंगभूमीला हे नाटक एकाएकी सापडलं. व्हिएन्नाच्या एका चर्चमध्ये 2012 च्या अखेरीस निर्वासितांनी आसरा घेतला, त्यावर नोबेल विजेत्या एल्फ्रिडे येलिनेक यांनी एस्किलसचा धागा धरून नाटक लिहिलं. एडिंबरामध्ये 2016 साली डेव्हिड ग्रेग यांनी मूळ नाटक नव्या भाषेत उभं केलं आणि पन्नास बहिणींच्या भूमिकेला गावातल्याच हौशी बायका-मुली घेतल्या. नाटकं चांगली चालली, समीक्षकांनी वाखाणलं. सीमेवरच्या खिडकीत मात्र पहिला प्रश्न पॉलिफिमसचाच राहिला.

अपवाद होते, आणि ते सांगितले पाहिजेत. 2015 मध्ये साडेआठ लाखांहून अधिक माणसं समुद्रमार्गे ग्रीसला पोचली, त्यातली बहुसंख्य लेस्बॉस बेटाच्या किनाऱ्यावर. तिथल्या कोळ्यांनी आणि म्हाताऱ्या बायांनी पहिल्या दिवसांत भिजलेल्या माणसांना कपडे दिले, तान्ह्यांना दूध पाजलं. त्यांच्यातल्या अनेकांचे आजी-आजोबा 1922 मध्ये समोरच्या तुर्की किनाऱ्यावरून असेच जीव मुठीत धरून आले होते. सरकारं आणि युरोपीय संघ यांनी मागाहून जे उभारलं ते मोरियाचं छावणीगाव. सुमारे तीन हजारांच्या जागेत बारा हजारांवर माणसं कोंबलेली होती. सप्टेंबर 2020 मध्ये ते जळून गेलं. येणाऱ्यांचा आकडा लहान गावांना पेलणारा नव्हता, हे खरंच आहे. ग्रीसवर एकट्यावर हा भार टाकून उत्तरेकडचे अनेक श्रीमंत देश नामानिराळे राहिले, हेही तितकंच खरं. पण पेलास्गससमोरचा धोका यापेक्षा लहान नव्हता. त्यानं निदान सभा बोलावली.

14 जून 2023 च्या पहाटे लीबियातून निघालेली ‘अ‍ॅड्रिआना’ ही मासेमारी बोट ग्रीसच्या नैर्ऋत्येला बुडाली. तिच्यावर साडेसातशेपर्यंत माणसं असावीत असा अंदाज होता. पाकिस्तानी, सीरियन, इजिप्शियन. वाचले 104, मृतदेह मिळाले 82. बोट संकटात असल्याचं आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. तटरक्षक दलाचं म्हणणं की बोटीवरच्यांनी मदत नाकारली. वाचलेल्यांपैकी अनेकांनी वेगळंच सांगितलं. वाचलेल्यांतल्या नऊ इजिप्शियनांना तस्कर ठरवून तुरुंगात टाकलं होतं. त्यांच्यावरचा खटला मे 2024 मध्ये कालामाताच्या न्यायालयानं आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरचा म्हणून रद्द केला.

बातम्यांमध्ये ही दुर्घटना ज्या गावाच्या नावानं ओळखली गेली ते गाव म्हणजे पायलॉस, नेस्टरचं पायलॉस. तिथून थोड्या अंतरावर टेकडीवर पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांना 1939 मध्ये एका प्राचीन राजवाड्याचा शोध लागला. त्याला आज सगळे नेस्टरचा राजवाडा म्हणतात. प्रवाशांना तिथे मातीचा स्नानाचा टब दाखवतात. प्रवासानं शिणलेल्या टेलेमॅकसला नेस्टरच्या धाकट्या मुलीनं आंघोळ घातली ती यातच, असं सांगण्याचा मोह कुठल्याही वाटाड्याला आवरत नाही. त्याच राजवाड्याच्या एका कोठीत मद्य पिण्याचे अडीच हजारांहून अधिक पेले मिळाले. एकाच घडणीचे, फळ्यांवर रचून ठेवलेले. राजवाडा जळाला तेव्हा फळ्या कोसळल्या आणि पेले जिथल्या तिथे फुटून पडले, कुणीतरी येणार म्हणून मांडलेले.